ताईबाईंच्या गाण्यातली खरखर

कॉम्प्युटर घरात आणण्यामागे धनसिंग देवरे यांचा हेतू धार्मिक होता. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते पाहून कुणाला तसं वाटण्याची शक्यता नाही.

देवरे धुळ्याला पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. ऑफिसात त्यांना भाऊसाहेब म्हणत, घरात अहो म्हणत आणि भाऊबंदकीत नुसतं धना. माणसाची खरी किंमत भाऊबंदकीतच कळते. तर, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवऱ्यांच्या कुळात कानबाई, म्हणजे कुलदेवी, बसायची. नारळाला नाकडोळे आणि नथ, पुढे रोटांचा नैवेद्य, आणि दिवेलागणीपासून गाणी. गाणी येत ती ताईबाईंना, म्हणजे धनसिंगरावांच्या थोरल्या काकूंना. त्या पुढे म्हणायच्या आणि बाकीच्या बाया मागे. पुढे ताईबाई गेल्या आणि जाताना गाणी सोबत घेऊन गेल्या. मागे राहिली ती एक कॅसेट. एका श्रावणात टेपरेकॉर्डर ताईबाईंच्या गुडघ्याशी ठेवून धनसिंगरावांनीच ती भरून घेतली होती.

तेव्हापासून कानबाईपुढे ती कॅसेट लागे आणि बाया तिच्यामागे म्हणत. ताईबाईंच्या धाकट्या जाऊ सुंदरबाई तेवढ्या गप्प बसत. सारा जन्म त्या ताईबाईंच्या मांडीला मांडी लावून गायलेल्या. पण कॅसेट लागली की पदर तोंडाला लावत. आग्रह केला तर म्हणत, "माले काय येस भाऊ, मी इसरी गयी बठ्ठं."

अशी सगळी भिस्त एका कॅसेटवर. आणि ती कॅसेट आता थकली होती. गेल्या वर्षी ताईबाई विहिरीतून गात असल्यासारख्या ऐकू आल्या, आणि त्यांच्या आवाजावर कुणीतरी पापड तळत असल्यासारखी खरखर. यंदाची कानबाई धनसिंगरावांच्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरी बसणार होती. गाण्याशिवाय कानबाई उठवली असती, तर देवऱ्यांच्या पुढच्या प्रत्येक लग्नात, जेवणं झाल्यावर सुपारी कातरताना, कुणी ना कुणी ती आठवण काढलीच असती. भाऊबंदकीला विस्मरणाचा रोग नसतो.

नेमकं तेव्हाच ऑफिसात कुणीतरी सांगितलं की आता कॉम्प्युटरवर जुनी गाणी भरून घेता येतात, खरखर काढता येते, आणि ती पुन्हा कधी झिजत नाहीत. धनसिंगराव त्याच आठवड्यात जळगावला गेले.

जळगावच्या दुकानदाराने सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करून दिला, तीन खोक्यांत बांधला आणि एसटीच्या टपावर चढवला. धनसिंगराव पारोळ्यापर्यंत दर थांब्याला उतरून टपाकडे बघून येत होते. कंडक्टरने शेवटी विचारलं, "आबा, वर कोण बसवलंय?"

धुळ्याच्या अलीकडे जकात नाका. तिथल्या कारकुनाने खोकी उघडायला लावली आणि बराच वेळ बघत राहिला.

"हे काय आहे?"

"कॉम्प्युटर."

"ते बरोबर. पण हे आहे काय?"

धनसिंगराव स्वतः वरिष्ठ लिपिक असल्यामुळे त्यांना त्या प्रश्नाची खोली कळली. दरपत्रकात ज्याचं नाव नाही ती वस्तू जगात असूच शकत नाही, हा त्यांच्याही नोकरीचा पाया होता. कारकुनाने टीव्ही लिहून बघितलं, पण याला अँटेना नव्हती. टाइपरायटर लिहावं, तर कागद घालायची जागा नव्हती. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले.

"तुम्ही याचं करणार काय?"

"गाणी भरणार आहे. देवीची."

"मग असं सांगा ना," कारकून म्हणाला आणि त्याने पावतीवर लिहिलं: हार्मोनियम, तबला व इतर वाद्ये, एक नग.

अशा रीतीने ते वाद्य घरी आलं. यशोदाबाईंनी, म्हणजे सौ. देवऱ्यांनी, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग पावती वाचली. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरला वाद्यच म्हणत. "वाद्य पुसलं का? वाद्याशेजारी चहा ठेवू नका." धनसिंगरावांना हे लागायचं, पण पावती त्यांच्याच सहीची होती.

मे महिना होता. धुळ्यात मे महिन्यात माणसं भिंतीला हात लावत नाहीत, कढईला लावल्यासारखं होतं. शेजारचे हबीबभाई, ज्यांचं आग्रा रोडवर कापडाचं दुकान, ते वाद्य बघायला आले, मागून हात लावून म्हणाले, "भाऊसाहेब, इसको तो बुखार है. कूलर इकडे फिरवा."

घरात कूलर एकच. तो कॉम्प्युटरकडे फिरवला. त्या उन्हाळ्यात देवऱ्यांच्या घरात गार झोप लागली ती फक्त कॉम्प्युटरला. यशोदाबाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरातून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. एरवी बोलणाऱ्या बाईने न बोलणं म्हणजे काय, हे संसारी वाचकाला सांगायला नको. पुढे कूलरचे तुषार कीबोर्डवर उडून त्यातलं 'ए' अक्षर दाबलं की वर येईना. तेव्हा हबीबभाईंनीच सल्ला दिला की कूलरला थोडं बाजूला घ्या. सल्ला देणाऱ्याचं हेच सुख असतं. दोन्ही वेळा तो बरोबर असतो.

दुकानदाराने कॉम्प्युटरबरोबर एक सीडी फुकट दिली होती. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली. तिच्यात उपयुक्त प्रोग्रामांची खाणच होती. एक प्रोग्राम फोटोंचे आल्बम लावायचा. एक गाण्यांना रांगेत उभं करायचा. एक प्रोग्राम गाणं लागलं की पडद्यावर रंगीत रेघा नाचवायचा, आणि उपयुक्त प्रोग्रामांमध्ये तोच घरात सगळ्यांना आवडला. बहुतेक प्रोग्राम उघडताना विचारत की तुम्ही आम्हाला विकत घेणार का. धनसिंगराव 'नंतर' हे बटण दाबत. खात्यात इतकी वर्षं काढल्यावर 'नंतर' म्हणायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

गाणी आणि फोटो ठेवायला कप्पे करायचे होते. धनसिंगरावांनी ते शास्त्रशुद्ध केले: आवक, जावक, प्रलंबित आणि किरकोळ. जुने फोटो मेव्हण्याच्या स्टुडिओतून कॉम्प्युटरवर उतरवून आणले होते, त्यातला स्वतःच्या लग्नाचा फोटो त्यांनी किरकोळमध्ये टाकला. पाच मिनिटांनी यशोदाबाई मागे उभ्या आहेत हे लक्षात आलं. तो आवकमध्ये हलवला. त्यानेही फारसा फरक पडला नाही.

मग एका रविवारी मुख्य काम काढलं. घरातल्या टू-इन-वनमधून वायर काढून ती कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसली, कॅसेट लावली आणि भरायचं बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या लाटा उठल्या. ताईबाई गात होत्या आणि त्यांचा आवाज डोळ्यांना दिसत होता. यशोदाबाईसुद्धा पीठमळले हात तसेच धरून बघत राहिल्या. कॅसेटची एक बाजू आत गेली, दुसरी गेली. शेवटच्या कडव्याला टू-इन-वनच्या पोटातून करकर आवाज आला आणि ताईबाई थबकल्या. झाकण उघडलं तर फीत बाहेर, शेवया वाळत घातल्यासारखी, आणि बरीचशी चाकात गुंडाळून तुटलेली.

यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला. कपाळाला पीठ लागलं.

"घाबरू नकोस," धनसिंगराव म्हणाले. "सगळं आत गेलंय. आता ते झिजत नाही, तुटत नाही. कायम झालं." सरकारी नोकराच्या तोंडी 'कायम' या शब्दाला एक वजन असतं. यशोदाबाईंनी त्या शेवया वाटीत गोळा करून देवघरात ठेवल्या.

आता राहिली खरखर. त्यासाठी सीडीवर एक वेगळाच प्रोग्राम होता, आवाज धुऊन काढणारा. त्याची रीत अशी: गाण्याचा एक तुकडा निवडून प्रोग्रामला दाखवायचा की बाबा रे, ही घाण. मग तो तसली घाण सगळ्या गाण्यातून शोधून उपटून टाकतो. पण कुठला तुकडा दाखवायचा? धनसिंगरावांनी झुलाल सरांना बोलावलं. झुलाल सर समोरच्याच घरात राहत, हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि बाहेरही शिकवत.

सरांनी डोळे मिटून कॉम्प्युटरवर भरलेलं सगळं ऐकलं. मग म्हणाले, "देवरे, तत्त्व समजून घ्या. घाण कशाला म्हणायचं? जी अखंड असते तिला. पंख्याची घरघर थांबते का? नाही. बोलणं कसं असतं? येतं, जातं. म्हणजे जे सतत चालू आहे ते काढायचं, जे अधूनमधून येतं ते ठेवायचं."

तर्काला कुठे फट नव्हती. धनसिंगरावांनी ऐकलं, आणि सबंध गाण्यात अखंड चालू असलेला आवाज त्यांना सापडला. दहाबारा बायांचा एकसुरी, घुमणारा, लांबलचक आवाज. खरखर त्याच्याच बुडाशी कुठेतरी होती. सरांनी तो तुकडा बोटाने दाखवला, धनसिंगरावांनी खूण केली, प्रोग्रामने एक निळी पट्टी दाखवली आणि ती मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली.

पट्टी भरल्यावर प्रोग्रामने विचारलं: या नावाची फाइल आधीपासून आहे, तिच्या जागी ही नवी ठेवू का? खाली दोन बटणं होती, त्यातलं 'होय' हे आधीच उठून दिसत होतं. वरिष्ठाने प्रश्न विचारला आणि उत्तरही आपल्या बाजूने तयार ठेवलं, तर त्याला नाही म्हणायची धनसिंगरावांच्या नोकरीत पद्धत नव्हती. त्यांनी होय दाबलं.

मग फाइल लावली. खरखर पार गेली होती. इतकी स्वच्छ शांतता की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यावं. "बघा," सर म्हणाले, "पाणी." त्या शांततेतून ताईबाईंचा आवाज उमटला, अगदी जवळून, कानाशी बोलल्यासारखा: "आयक..." आणि वीज गेली.

दोघेही भारावले होते. गाण्याची सुरुवातच इतकी निर्मळ, तर पुढचं काय असेल. त्यानंतर पावसाळा सुरू झाला, वीज येई ती कधी मिणमिणती, कधी एकदम भडकून, म्हणून वाद्य चादरीत गुंडाळून ठेवलं. ते उघडलं ते थेट कानबाईच्या रविवारी.

जळगावहून, अमळनेरहून सगळी भाऊबंदकी आली. पुरुषांनी मुठी मोजून रोटाचे गहू आदल्या दिवशीच काढले होते. गंगाफळाची भाजी, कढी, खीर झाली. संध्याकाळी कानबाई दागिने घालून पाटावर बसली, बाया पुढ्यात बसल्या, पुरुष ओसरीत. सुंदरबाई भिंतीला टेकून, पदर आधीच तोंडाशी. त्यांच्याशेजारी धुरपदाबाई, ताईबाईंच्या जुन्या शेजारीण, ज्यांना देवऱ्यांच्या घरचं सगळं ठाऊक असूनही दर वर्षी बोलावत. किंवा त्यासाठीच बोलावत.

धनसिंगराव कॉम्प्युटरजवळ उभे राहिले. त्यांना दोन शब्द बोलायचे होते. त्यांनी विज्ञानाची प्रगती सांगितली, परंपरेचं जतन सांगितलं, आणि झुलाल सरांच्या मार्गदर्शनाचा उल्लेख केला. सर ओसरीतून मान लववते झाले. मग बटण दाबलं.

शांतता. बाया हात जोडून बसलेल्या. आणखी शांतता. आणि मग ताईबाई बोलल्या. गायल्या नाहीत, बोलल्या.

"आयक, धुरपदा. खीर दखी का? पानी शे नुसतं. यशोदानी कयी व्हई."

यशोदाबाईंच्या हातात नैवेद्याच्या खिरीचा वाडगा होता. त्यांनी तो हळूच मागे नेला.

पुन्हा शांतता. जिथे म्हणून गाणं होतं तिथे तिथे आता काही नव्हतं. आणि ताईबाई दोन कडव्यांच्या मध्ये दम घेताना, टेपरेकॉर्डर गुडघ्याशी आहे हे विसरून, जे जे बोलल्या होत्या ते ते होतं. आजवर मागच्या बायांच्या सुराखाली बुडालेलं, आता घासून लख्ख केलेलं.

"आनि हाऊ धना. कालेजमा जाईसन काय शिकना? टेपनं बटन दाबाले अर्धा तास लागना त्याले."

ओसरीत कुणीतरी खोकलं. ते खोकणं खोकल्याचं नव्हतं. धनसिंगराव बंद करायचं बटण शोधत होते, पण पडद्यावर रंगीत रेघा नाचवणारा प्रोग्राम पसरला होता आणि बटण त्याच्या खाली कुठेतरी. ताईबाईंचं एकेक वाक्य रेघांवर उड्या मारत होतं.

"बाकी गानं जमनं आज," ताईबाई म्हणाल्या. बाया जरा सैलावल्या. "फक्त ही सुंदर. तिले चाल येस नई वं. नुसता व्हट हालावस, मन्हा आवाजमा लपी जास."

धुरपदाबाई एकदम कानबाईकडे बघू लागल्या, जणू आजच पहिल्यांदा दर्शन होत होतं.

सुंदरबाईंनी तोंडाचा पदर काढला. त्या कॉम्प्युटरकडे बघत होत्या, माणसाकडे बघावं तसं.

"मी व्हट हालावस?"

"काकू, जुनं आहे ते," धनसिंगराव म्हणाले, "आणि मशीनचं काही सांगता—"

"तू चूप ऱ्हाय, धना. मी ताईबाईसंगे बोली राह्यनू." सुंदरबाई गुडघ्यावर हात रोवून पुढे सरकल्या. "इतला वरीस मी गायनू नई. कसाले? तिनी याद येस म्हनीसन. गळा दाटी येस म्हनीसन. लोकेसले सांगं, इसरी गयी. आनि ती आशी बोलनी व्हती? माले चाल येस नई?" मग धुरपदाबाईंकडे वळून, "आनि तू आयकी लिधं व्हतं. तोंडमा सुपारी धरी बसनी इतला वरीस."

"मी हुंकार बी दिधा नई वं," धुरपदाबाई म्हणाल्या. "आयक ना मशीनमा. मन्हा आवाज शे का कुठे?"

नव्हता, हे खरं होतं. सुंदरबाईंनी तेवढं ऐकून घेतलं, आणि गायला लागल्या.

"कानबाई माय उनी, तापीना काठवरथीन वं..."

आवाज पहिल्या ओळीला फाटला, दुसऱ्या ओळीला बसला, आणि तिसरीपासून त्याने घर भरून टाकलं. ताईबाईंपेक्षा तो एक पट्टी वर होता, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी सुंदरबाई कॉम्प्युटरकडे बघून भुवई उडवत होत्या. एकही कडवं गळलं नाही. कॅसेटीत नसलेली दोन निघाली. "ही तिले कधी येत नव्हती," असं मध्येच सांगून त्या पुढे गेल्या. बाया मागे म्हणू लागल्या. धुरपदाबाई सगळ्यांत मोठ्याने.

आणि तेव्हा धनसिंगरावांना सुचलं, की हे भरून घेतलं पाहिजे. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर काढला, खात्याने पाणीबचतीच्या प्रचारासाठी वाटलेली कॅसेट त्यात घातली, आणि या वेळी अर्धा तास न लावता बटण दाबलं. मात्र मागल्या अनुभवावरून ते शहाणे झाले होते. कडव्याकडव्यांमध्ये कुणी काही बोलू नये यासाठी ते टेपरेकॉर्डर छातीशी धरून बायांमधून फिरत राहिले आणि बजावत राहिले, "शांतता राखा, रेकॉर्डिंग चालू आहे." बाया ऐकत नव्हत्या, म्हणून जरा मोठ्याने. "शांतता राखा, रेकॉर्डिंग चालू आहे."

सोमवारी सकाळी कानबाईला वाजतगाजत पांझरा नदीवर पोचवून मंडळी घरी आली. चहाबरोबर कॅसेट लावली. सुंदरबाईंचा आवाज खणखणीत आला होता. पण त्याच्याही पुढे, प्रत्येक कडव्याच्या डोक्यावर आणि बुडाशी, टेपरेकॉर्डर छातीशी धरलेल्या माणसाचा आवाज जेवढा मोठा येईल तेवढ्या मोठ्याने, कुणीतरी शांतता मागत होतं.

सुंदरबाई मन लावून ऐकत होत्या. "गानं चांगलं शे," त्या म्हणाल्या. "पन मझार हाऊ कोन बोंबली राह्यना?"

"काढता येईल," झुलाल सर चहाचा घोट घेत म्हणाले. "सोपं आहे. अखंड चालू आहे तो."

धनसिंगराव उठले. त्यांनी कॅसेट बाहेर काढली, आणि तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून मागच्या दोन्ही चिमुकल्या झडपा पेचकसाने मोडून टाकल्या. मग तिच्या चारपाच नकला निघून त्या जळगावला, अमळनेरला घरोघर गेल्या. तिथल्या सुना-लेकी वर्षभर त्यावरून गाणी शिकल्या.

पुढच्या श्रावणात कानबाई अमळनेरला बसली. सुंदरबाई पुढे म्हणत होत्या आणि नव्या पोरी मागे. पहिलं कडवं झालं, आणि पोरींनी दम न घेता, सगळ्यांनी मिळून, त्याच चालीत म्हटलं, "शांतता राखा, रेकॉर्डिंग चालू आहे."

धनसिंगराव ओसरीत बसले होते. त्यांनी सुंदरबाईंकडे आशेने पाहिलं. हे गाण्यातलं नाही, एवढं त्या सांगतील असं त्यांना वाटलं.

सुंदरबाईंनी हात वर करून गाणं थांबवलं खरं. मग एका पोरीकडे बोट करून म्हणाल्या, "तुले चाल येस नई. 'चालू' लांब धरनं पडस."